भाच्यानं नेलेला कोशोक

या, पुढे सरका. दाराशी बसू नका, तिथं वारं लागतं आणि निम्मे शब्द बाहेर पळून जातात. चहाचा वाडगा हातात घ्या, रोटी मोडा आणि कान इकडे द्या. तेरेक-सू गावच्या झूराकानची कथा सांगायची आहे. कथेत हसू पुष्कळ आहे. ते कुणाच्या जिवावर निघालं, हे कळल्यावर तुम्ही हसाल की नाही, ते तुमचं तुम्ही पाहा.

आमचे जुने मुल्ला म्हणायचे, खुदानं माणसाला गळा दिला तो दोन कामांसाठी. एक त्याचं नाव घ्यायला. आणि दुसरं, त्यानं परत नेलेल्यांचं नाव घ्यायला. ते प्रवचनसुद्धा गाऊनच करत. नुसता बोललेला शब्द अंगरख्यावरून ओघळून जातो, गायलेला हाडात मुरतो, असं त्यांचं मत. त्यांच्या त्या सुरात बसून झूराकान लहानाची मोठी झाली, आणि दुसरं काम तिनं आपल्या शिरावर घेतलं. ती कोशोक म्हणणारी झाली.

माणूस गेलं की अंगणात लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभा राहतो. बाहेर पुरुष काठीवर वाकून "माझ्या भावा रे" म्हणून हंबरडा फोडतात. आत बायका जगाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसतात आणि हेल काढून गेलेल्याचं सगळं आयुष्य गातात. तो कुणाचा कोण, कुठल्या घोड्यावर त्याचा जीव होता, कुणाला त्यानं पाणी पाजलं. तो कोशोक. ज्या घरात गाणारी नसे, त्या घरचे झूराकानला न्यायला माणूस पाठवत. आधी घोडा यायचा, पुढे मोटार यायला लागली. तिच्या कोशोकात खोटं नसे. कंजुषाला ती दानशूर म्हणत नसे. "मूठ त्याची घट्ट होती, म्हणून घर उभं राहिलं" असं काहीतरी गायची, आणि कंजुषाची बायकोसुद्धा रडता रडता मान डोलवायची.

या बाईची स्वतःची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथं राहिलं. त्याचं नाव ठेवलं एसेन, म्हणजे सुखरूप. बाप अशीम पुढे छातीच्या दुखण्यानं गेला. मायलेक दोघंच उरली. चोविसाव्या वर्षी एसेन रशियात बांधकामावर गेला आणि सव्विसाव्या वर्षी नवव्या मजल्यावरून खाली आला. सातव्या दिवशी पेटी आली. पत्र्याची, सांध्यांना डाग देऊन बंद केलेली, वर कागद चिकटवलेला, की उघडू नये.

जुने मुल्ला तेव्हा नव्हते. नवे होते, तरुण, बाहेर शिकून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण पुस्तकातलं अक्षर धरून चालणारा. त्यांनी अंगणात उभं राहून सांगितलं, "हेल काढून रडायचं नाही. त्यानं गेलेल्याला त्रास होतो. आई, तुमच्या मुलाला त्रास द्यायचाय का?"

आता या प्रश्नाला कुठली आई काय उत्तर देणार? चार बायकांनी झूराकानचे खांदे धरले, तासाभरात पोरगा मातीआड झाला, आणि ज्या गळ्यानं अकरा गावांची माणसं पोचवली होती, त्यातून स्वतःच्या मुलासाठी एक ओळ निघाली नाही.

त्यानंतर ती कुठेच म्हणायला गेली नाही. पण कोशोक काही मुल्लांना विचारून येत नाही. गाय पिळताना एक ओळ येई, दही घुसळताना दुसरी. चार वर्षांत एसेनचा कोशोक पुरा रचून झाला. तो तिच्या पोटात होता आणि बाहेर यायला दार नव्हतं.

अशात मेदेर आला.

मेदेर म्हणजे अशीमच्या बहिणीचा मुलगा, झूराकानचा भाचा. राजधानीत, बिश्केकला सिनेमा शिकला होता. तिशी ओलांडली तरी नावावर एकच छोटा सिनेमा, तोही कुणी पाहिला नव्हता. या खेपेला सात माणसं, उसना कॅमेरा आणि एक कथा घेऊन तो मामाच्या गावी आला. कुणी मोठा शेठ पाठीशी नाही, मित्रांनी मित्रांसाठी करायचं काम.

शेजारीण कालिचा कुंपणावरून ओरडली, "अगं झूराकान, भाचा आला म्हणे! सात लांडगे आले असते तर बरं झालं असतं!"

आमच्याकडे म्हणच आहे ती. भाचा मामाच्या घरून काहीही मागू शकतो, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. भाचा रिकाम्या हातानं परतला तर त्या घराचं भलं होत नाही. तीनदा त्याचा हक्क.

"लांडगे मेंढी खाऊन जातात," झूराकान म्हणाली, "हा दोन दिवस झाले नुसता चहाच पितोय."

"थांब थांब. लांडगा पण आधी वास घेतो."

मेदेर हसला. त्याचं हसणं गोड होतं, अगदी एसेनसारखं. दोघं पोरं एकाच नदीत पोहायला शिकलेली. "कालिचाताई, तुमच्याकडून काही मागायचा हक्क नाही म्हणून जळताय होय?"

पहिल्यांदा त्यानं मामाचं चांदीच्या कड्यांचं खोगीर मागितलं. दिलं. दुसऱ्यांदा नमद्याचा तंबू मागितला, महिनाभरासाठी. दिला. त्यात त्यांनी दिवे बांधले आणि एका बाजूला हातभर भोक जाळलं. तिनं रात्रीतून ठिगळ लावलं.

सिनेमाची कथा अशी. ओरमोन नावाचा ऐंशीला टेकलेला ट्रॅक्टरवाला, पोट सुटलेला, हट्टी. त्याला एकच ध्यास लागतो: मेल्यावर आपला कोशोक कसा होणार ते जिवंतपणीच ऐकायचं. लोक काय चांगलं बोलतात ते आपल्यालाच ऐकू नये, हा कुठला न्याय? म्हणून तो बायकोच्या मागे लागतो, पोरांना फोन करून बोलावतो, स्वतःच्याच मयताची तालीम करतो. भली कथा होती. शेवटी रुसलेली भावंडं एका ताटात जेवतात. झूराकाननं ऐकली तेव्हा ती डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसली होती, खोटं कशाला सांगू.

मग मेदेर तिसऱ्यांदा आला.

"मामी, कोशोक तू म्हण."

"वेडा आहेस का? जिवंत माणसाचा कोशोक? त्याचं नाव घेऊन? मरण काय कुत्रं आहे, खोटं खोटं यू यू करायला?"

"नट आहे तो, मामी. त्याचं खरं नाव ओरमोनसुद्धा नाही."

"श्वास घेतोय ना? मग झालं."

"शहरातल्या तीन नट्यांनी म्हणून पाहिलं. जाहिरातीसारखं वाटतं. तुझ्याशिवाय होणार नाही." तो तिच्या पायांशी बसला. "मामी, मी भाचा आहे. रिकाम्या हातानं जाऊ?"

झूराकाननं वाडग्यातली साय बोटानं बाजूला सारली. मग जे तिच्या मनात आलं, ते खुदानं घातलं की दुसऱ्या कुणी, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

"म्हणेन," ती म्हणाली. "पण तुझ्या ओरमोनचं नाव घेणार नाही. माझं माझं म्हणेन. माझ्याकडे एक आहे."

मेदेरला कळलं. त्यानं मान खाली घातली. "तुला हवं ते म्हण, मामी. तुला हवं त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तंबूत भिंतीकडे तोंड करून बसली. पाठीमागे सात माणसं, पडद्याआड तो जाडा नट. तिला त्यातलं कुणी दिसत नव्हतं. कोशोकाची बैठकच तशी आहे, गाणाऱ्याला जग दिसू नये म्हणून. तिनं डोळे मिटले आणि चार वर्षांचं दार उघडलं.

"डोंगराआड गेलं शिंगरू, दावं माझ्या हाती रं,
परक्या गावी भिंत चढली, माझ्या घरची माती रं,
एसेन माझ्या, एसेन रं.

दुधाचे दात जपून ठेवले, पुरचुंडीच्या गाठी रं,
डाग दिलेली पेटी धाडली कुणी आईसाठी रं,
एसेन माझ्या, एसेन रं."

किती वेळ गायली तिला कळलं नाही. थांबली तेव्हा बाहेर घोडा फुरफुरला तेवढाच आवाज. कॅमेरावाला डोळे पुसत होता. तो जाडा नट पडद्यामागून आला, वाकला, आणि तिच्या हाताचं चुंबन घेऊन बाहेर गेला. मेदेर तर लहान मुलासारखा रडत होता. "मामी," तो म्हणाला, "सगळ्या जगाला ऐकवीन मी हे."

त्या दिवशी झूराकान चार वर्षांनी पोटभर जेवली. तिनं भाच्याला आशीर्वाद दिला. पोराचा कोशोक झाला होता. मुल्लांनी दार लावलं तर खुदानं खिडकी उघडली, असं तिला वाटलं. तुम्हाला मला वाटलं नसतं का?

वर्ष गेलं. सिनेमाचं नाव 'ओरमोन अजून आहे' असं ठेवलं होतं. तो आधी परदेशात दाखवला गेला, कुठल्याशा थंड देशातल्या सिनेमांच्या मेळ्यात, आणि तिथं त्याला बक्षीस मिळालं. मग लिहिणारे लिहू लागले. कालिचाकडे मोठा फोन होता. ती रोज कुंपणावरून वाचून दाखवायची.

"हे बघ गं, 'मनाला ऊब देणारा सिनेमा'. दुसरा म्हणतो, 'थंडीत आजीच्या गोधडीत शिरावं तसं वाटतं'. आणखी एक... 'हसून हसून डोळ्यांत पाणी'."

"छान," झूराकान म्हणायची. "पोराचं नाव झालं."

"अगं, आणि तुझ्यावर पण आहे! ऐक. 'कळस आहे तो कोशोकाचा प्रसंग. गावातल्या एका साध्या बाईनं खोट्या रडण्याची जी धमाल उडवून दिली आहे, तिला तोड नाही. अख्खं सभागृह खुर्च्यांवरून खाली घसरलं.'"

झूराकानचा हात दुधाच्या बादलीवर थांबला. "कुठला प्रसंग?"

"कोशोकाचा म्हणतोय."

"दुसरी कुणीतरी असेल. शहरातल्या नटीनं पण म्हटला होता."

"असेल बाई," कालिचा म्हणाली. पण पुढच्या आठवड्यात आणखी एक आलं, मग आणखी एक. सगळ्यांत तो प्रसंग, सगळ्यांत ते हसू. एकानं तर लिहिलं होतं की, ऐंशी वर्षांच्या ढेरपोट्या नवऱ्याला 'शिंगरू' म्हणून आळवणारी ही बायको म्हणजे या वर्षातला सर्वांत मोठा विनोद आहे.

ते 'शिंगरू' ऐकल्यावर मात्र तिनं पुढे वाचू दिलं नाही.

शरद ऋतूत मेदेरनं सिनेमा गावात आणला. गावच्या जुन्या क्लबात पांढरी चादर लावली. सगळं तेरेक-सू लोटलं. म्हातारे पांढऱ्या टोप्या घालून पहिल्या रांगेत, बायकांच्या मांडीवर तळलेल्या बोरसोकांचे वाडगे. झूराकानला मधोमध बसवलं होतं. मेदेर नव्या कोटात होता. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता, की माणसांच्या गर्दीत होता, कोण जाणे.

सिनेमा चांगला होता. हे सांगायलाच हवं. गावकरी स्वतःला ओळखून हसत होते, बोरोंबाय आजोबांचं गाढव पडद्यावर आलं तर टाळ्या पडल्या. झूराकानही हसली.

मग तो तंबू आला, तिनं ठिगळ लावलेला. तिची पाठ दिसली. तिचा आवाज आला.

"डोंगराआड गेलं शिंगरू..."

आणि पडद्यावर दिसला ओरमोन. तंबूतल्या आडपडद्यामागे लपून, कान देऊन, गालात रोटी. 'शिंगरू' ऐकून त्यानं आपल्या पोटाकडे पाहिलं. क्लब फुटला हसून.

"दुधाचे दात जपून ठेवले..."

ओरमोननं तोंडातून कवळी काढून न्याहाळली. म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर पडले. कुणीतरी शिट्टी मारली.

आणि मग ते झालं, जे तिनं स्वप्नातही आणलं नव्हतं. तिचा सूर वर चढला, "एसेन माझ्या" म्हणायला तिनं श्वास घेतला, तो श्वास तिचाच होता, आणि त्या श्वासातून दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज निघाला: "ओरमोन माझ्या, ओरमोन रं." एकदा, दोनदा, प्रत्येक कडव्याला. जिथं जिथं तिचं लेकरू होतं, तिथं तिथं तो ढेरपोट्या.

आता कथेतली सगळ्यांत कडू गोष्ट सांगतो. ओरमोननं आडपडद्यामागून "जरा सावकाश म्हण, ही ओळ परत घे" अशी खूण केली, तेव्हा झूराकानला हसू आलं. खरंच आलं. ओठ आपोआप हलले, शेजारच्या कालिचानं तिच्या मांडीवर थाप मारली, आणि अर्धा क्षण ती सगळ्या गावाबरोबर हसली. मेदेरनं केलं त्याची क्षमा तिनं पुढे कदाचित केली असती. त्या अर्ध्या क्षणाची स्वतःला कधी केली नाही.

दिवे लागल्यावर लोक तिला मिठ्या मारत होते. "झूराकान, तू तर जात्याच नटी!" "आता कुणाच्या मयताला बोलावलं तर आम्हाला हसू आवरायचं नाही हो!" ती सगळ्यांकडे बघत होती. एकालाही, एसेनला खांदा दिलेल्या एकालाही, तो कोशोक कुणाचा ते ओळखू आलं नव्हतं. ओळखणार कसं? त्यांनी तो ऐकलाच कुठे होता?

दुसऱ्या सकाळी मेदेर चहाला आला. तिनं दस्तरखान अंथरला, रोटी ठेवली, मग म्हणाली, "तू जगाला ऐकवणार होतास."

"ऐकवला, मामी. अकरा देशांत..."

"कुणाचा?"

तो बोलू लागला तो थांबेना. "पहिल्यांदा मी तसाच ठेवला होता. पुरा. खुदाची शपथ. मेळ्यासाठी सिनेमे निवडणाऱ्यांना दाखवला, ते म्हणाले, इथं सिनेमा मरतो. सगळी ऊब निघून जाते. लोक हसत हसत येतात आणि इथं त्यांच्या छातीवर दगड बसतो, तो शेवटपर्यंत उठत नाही. मामी, रडवणारे सिनेमे शंभर आहेत. मी चार वर्षं दारोदार फिरलो. आता पहिल्यांदा कुणी दार उघडलं."

"मग काढून टाकायचा होतास. दुसऱ्या बाईचा घ्यायचा."

"दुसऱ्या कुणाला तुझा आवाज नाही." हे त्यानं इतकं सरळ सांगितलं की तिला क्षणभर रागही येईना. "त्या आवाजामुळेच तर हसू येतं. इतका खरा आवाज, आणि समोर तो रोटी खातोय."

"बरं. मला एवढंच दे. नाव परत घाल. हसू देत लोक. नाव तेवढं त्याचं घाल."

"ओरमोनची बायको एसेन म्हणून कशी रडेल? लोक विचारतील हा कोण."

"विचारू देत ना. पाच वर्षांत कुणी विचारलं नाही."

मेदेरनं वाडगा खाली ठेवला. "मामी, सगळ्यांनी लिहिलंय ते याच प्रसंगावर. आता हात लावला तर उरतं काय? आणि..." त्याचा आवाज बारीक झाला, "तू दिलास. भाच्याला दिलेलं परत मागतात का?"

ती बोरोंबाय आजोबांकडे गेली. गावात सर्वांत वडील, न्यायनिवाडा त्यांच्याकडे. त्यांनी सगळं ऐकलं, दाढी कुरवाळली. "सूनबाई, खोगीर नेलं असतं तर बोललो असतो. पण लांडग्याच्या पोटातलं मेंढरू कुणी परत आणलंय? रीत ती रीत." मग डोळे मिचकावले, "पण माझं गाढव काय झकास आलंय, नाही?"

हिवाळ्याच्या तोंडाशी बिश्केकच्या एका वर्तमानपत्रात एक लेख आला. शाइरगुल नावाच्या समीक्षक बाईनं लिहिलेला. स्तुतीच्या एवढ्या पिकात तेवढंच एक तण. कालिचा रागारागानं कुंपणाशी आली. "जळकी मेली! काय लिहिते बघ. 'सिनेमा प्रेमळ आहे, आणि म्हणूनच त्यातला एक प्रसंग मला माफ करता येत नाही. कोशोक गाणारी बाई नवऱ्यासाठी गात नाही. ती एका मुलासाठी गाते आहे. शिंगरू, दुधाचे दात, डाग दिलेली पेटी. नावाच्या जागी आवाज बदलतो. कुणीतरी तिच्या तोंडातून नाव काढून घेऊन तिथं विनोद ठेवला आहे. आम्ही सगळे कुणाच्या तरी मुलाच्या मयतात बसून हसलो.' बघितलंस? भाच्याचं वाईट चिंतणारी!"

झूराकाननं कालिचाला म्हटलं, "तेवढं परत वाच." कालिचानं वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचताना कालिचाचा आवाज मध्येच अडकला. तिनं फोन खाली केला, झूराकानकडे पाहिलं, आणि तिला क्लबातली आपली ती मांडीवरची थाप आठवली असावी. ती कुंपणापासून निघून गेली. त्या दिवसापासून तिनं समीक्षा वाचून दाखवणं बंद केलं.

चौथ्या दिवशी मेदेर आला. बूट न काढता उंबऱ्यातच उभा. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मामी, त्या बाईनं घात केला. मोठ्या मेळ्यात निवड व्हायची होती, ते आता विचारताहेत की खरं काय. तू फोनसमोर दोन वाक्यं बोल. एवढंच. की तू हसत हसत म्हटलंस, खेळ म्हणून. की कुणाचं मन दुखावलं नाही."

"हसत हसत."

"तुझ्या दोन वाक्यांवर माझं सगळं आहे, मामी. मी भाचा आहे तुझा."

झूराकान उठली. तिनं त्याच्यासाठी रोटी फडक्यात बांधली, कारण घरातून कुणाला उपाशी पाठवायचं नसतं, आणि ती त्याच्या हातात दिली. "खोगीर एक. तंबू दोन. कोशोक तीन," ती म्हणाली. "हक्क संपला, लेकरा. आता तू पाहुणा."

तो गेला. त्यानं स्वतःच एक निवेदन लिहिलं, की मामी भोळ्या आहेत, प्रसिद्धीला बुजतात, आणि संपूर्ण गावानं आनंदानं भाग घेतला. ते पुरलं. त्या मोठ्या मेळ्यातही सिनेमा गेला. शाइरगुलबाईला लोकांनी कडवट म्हटलं, मग विसरले. तो प्रसंग लोकांच्या फोनवर फिरू लागला. तेरेक-सूमध्ये लग्नाच्या पंगतीत पोरं ढेरपोट्या काकांना पाहून गाऊ लागली: ओरमोन माझ्या, ओरमोन रं.

गुरुवारी आमच्याकडे गेलेल्यांसाठी तेल तापवतात. वासाच्या वाटेनं ते घरी येतात, अशी श्रद्धा. अशाच एका गुरुवारी दुपारी झूराकाननं तेल तापवलं, सात रोट्या तळल्या, दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मुल्लांना विचारलं नाही. ज्यानं ऐकायचं तो वासावर आलाच असेल, आता त्याचा कोशोक त्याला परत एकदा, नीट, त्याच्या नावानं म्हणावा, एवढीच तिची इच्छा.

"डोंगराआड गेलं शिंगरू," तिनं सुरुवात केली. आवाज जुनाच होता, भरलेला. पण 'शिंगरू'नंतर ती थांबली. का थांबली ते तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिथं लोक हसतात. हसू ओसरेपर्यंत ती वाट बघत होती.

तिनं डोळे घट्ट मिटले, पुढे रेटलं. दावं माझ्या हाती. परक्या गावी भिंत चढली. सूर वर गेला, तिनं श्वास घेतला, तोच श्वास, आणि तोंडातून आलं, "ओरमोन माझ्या."

तिनं तोंडावर हात ठेवला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच आल्यावर जीभ तिकडेच वळली. तिसऱ्यांदा तिनं म्हटलंच नाही. तेल करपू लागलं होतं. ती उठली, चूल विझवली, आणि सात रोट्या शेजारी वाटायला घेऊन गेली, कारण त्या वाटायच्याच असतात.

झूराकान अजून आहे. तिला कुणी मयताला बोलावत नाही, आणि बोलावलं तरी ती जात नाही. मेदेर दुसरा सिनेमा करतोय म्हणतात.

तर माझ्याजवळ बसलेल्यांनो, तुमच्याकडे एकच मागणं. तो सिनेमा तुम्हाला कुठे दिसला तर पाहा. चांगला आहे. हसू येईल, येऊ द्या, त्या माउलीलाही आलं होतं. फक्त ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिनं श्वास घेतला, की त्या जागी तुम्ही मनातल्या मनात त्या पोराचं नाव घ्या. तिच्या जिभेवरून ते काढून नेलंय, म्हणून तुमच्या जिभेवर ठेवा. एसेन. अशीमचा आणि झूराकानचा मुलगा, तेरेक-सूचा. सव्वीस वर्षांचा होता.